बिनतोट्याची पैज

सन १९७६, चैत्रातला जत्रेचा रविवार. रक्कम रुपये चाळीस. हजर माणसे : मी, माझी पत्नी शांता, तिचा धाकटा भाऊ मल्लिनाथ ऊर्फ मल्लू, आणि उन्हात फेटे सावरत बसलेले दोन-अडीच हजार लोक, ज्यांचा माझ्या चाळीस रुपयांशी काहीही संबंध नव्हता. (संध्याकाळपर्यंत तो आला.)

मी त्या वेळी सोलापूरच्या नव्या पेठेत एका कापड दुकानात जमाखर्च लिहीत असे. चुकलेला आकडा मला सहन होत नाही. शांता सगळीकडे सांगत फिरते की आमच्या लग्नात अक्षता पडत असताना मी हार-तुऱ्यांचा खर्च मोजत होतो. हे साफ खोटे आहे. मी मांडवाचे बांबू मोजत होतो. ठरल्यापेक्षा दोन कमी होते.

चैत्र लागला की आमच्या बाजूला शेते मोकळी होतात, माणसे मोकळी होतात आणि गावोगाव जत्रा भरतात. जत्रा म्हटली की कुस्त्या, आणि कुस्त्या म्हटल्या की पैजा. मी बरीच वर्षे पैज न लावता नुसता बघत होतो, आणि बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पैज लावणारा माणूस कुस्तीवर पैसे लावतच नाही. तो आपल्या गावावर लावतो, आपल्या तालमीवर लावतो. दोन्ही बाजूंना छाती ठोकणारे असतातच. इकडचा म्हणतो, "आमचा पडला तर विसाला तीस देतो." तिकडचाही तेच म्हणतो. मग शहाण्या माणसाने दोघांशीही पैज का लावू नये? कुणीही पडो, एकीकडे वीस जातील, दुसरीकडून तीस येतील. शिल्लक दहा. कुस्ती बरोबरीत सुटली तर ज्याचे त्याच्याकडे. तोटा कुठेच नाही.

इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही याचे मला नवल वाटले. (आता वाटत नाही.)

त्या रविवारी जत्रा कुंभारीच्या पलीकडच्या एका गावात होती आणि मल्लूची कुस्ती शेवटून दुसरी होती. मल्लू शुक्रवार पेठेतल्या तालमीचा. दिवसा मागावर काम करायचा, पहाटे जोर काढायचा. आईवडील लवकर गेल्यामुळे शांतानेच त्याला वाढवले होते आणि आता त्याचे लग्न हा तिच्या जिवाचा एकच घोर होता. तीन ठिकाणांहून नकार आला होता. पैलवान म्हणजे खाणे जास्त आणि कमावणे कमी, असा लोकांचा समज. (समज बरोबर होता. मी हिशेब करून पाहिला होता.) शेवटी कुंभारीचे एक स्थळ आले. मुलीच्या आईशी शांताचे बोलणे झाले होते, वडिलांचे मात्र एकच म्हणणे : "पोरगं आखाड्यात कसं वागतंय ते बघतो, मग सुपारी फोडू." म्हणजे त्या दिवशी मल्लूची कुस्ती नव्हती, सोयरीक होती.

घरातून निघताना शांताने मला बजावले, "तितं गप बसायचं. कुणाला हिशेब सांगायचा न्हाई."

"मी कशाला सांगू?"

"मागच्या बारशाला पाळण्याचं भाडं सांगितलं होतं तुमी. पाळण्यासमोर."

आखाड्यावर पोचल्याबरोबर मी कामाला लागलो. मल्लूच्या विरुद्ध अक्कलकोटकडचा हणमंतू नावाचा पैलवान होता. त्याच्या बाजूचे लोक शोधायला वेळ लागला नाही, कारण त्यांत चहाचे हॉटेल चालवणारे एक तात्या सगळ्यात मोठ्याने बोलत होते. मल्लू जिंकेल यावर मी वीस लावतो म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत बघितले.

"सोलापूरचं काय ओ तुमी?"

"हो."

"तरीच. विसाला तीस देतो की. पैसे मोजून ठेवा, लई वेळ न्हाई लागणार."

अर्धे काम झाले. मग मल्लूच्या बाजूचा माणूस शोधायला निघालो. पिवळा फेटा बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ चार लोकांना मल्लूचे खांदे कसे आहेत ते हातवारे करून सांगत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"हणमंतू भारी पडेल असं वाटतं," मी म्हणालो.

"कोण म्हंतं?"

"मी म्हणतो. वीस रुपये लावतो."

ते हसले. "लावा. मल्लू पडला तर विसाला तीस देतो. आपला पैलवान हाय तो."

'आपला' या शब्दाने माझे कान टवकारायला हवे होते. पण मी त्या वेळी माणसाकडे बघत नव्हतो, तिसांकडे बघत होतो. हातावर हात मारून मी निघालो आणि कडुलिंबाच्या सावलीत गाड्यांजवळ बसलेल्या शांताकडे आलो. मन इतके हलके होते की मी दोन पैशांचे शेंगदाणे जास्त घेतले.

थोड्या वेळाने शांता धडपडत उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. "आले बगा. मुलीचे वडील, शिवलिंगप्पा. हसून बोला जरा."

समोरून पिवळा फेटा येत होता.

"हे आमच्या घरातले," शांता म्हणाली. "मल्लूचे दाजी."

शिवलिंगप्पांनी माझ्याकडे बघितले. मी हसलो. (तिने सांगितले होते.)

"वळख झाली की मघाशी," ते म्हणाले. "वीस रुपयांची."

शांताला कळेना. मग त्यांनी तिला ते सांगितले, अगदी शांतपणे, एकही शब्द वाढवला नाही. ऐकताना तिचा चेहरा कसा झाला हे मी इथे लिहीत नाही.

"बाई, एक इचारतो," शिवलिंगप्पा म्हणाले. "घरचाच माणूस पोराच्या इरुद्ध पैसे लावतो, म्हंजे पोरात काय खोट हाय का? दुखणं-बिखणं? आत्ताच सांगा."

"न्हाई हो. घोड्यासारखा हाय तो," शांता म्हणाली.

"मी त्याच्यावरसुद्धा लावलेत," मी घाईने म्हणालो. माझ्या मते यामुळे सगळे मिटणार होते.

"कुणाकडं?"

मी तात्यांकडे बोट दाखवले. शिवलिंगप्पा सरळ तात्यांकडे गेले. दोघांचे बोलणे झाले. तात्यांनी वळून माझ्याकडे बघितले, आणि हॉटेलात वीस वर्षे आरोळी मारून कमावलेला आवाज लावून म्हणाले, "दोन्हीकडनं लावलंय बे या माणसानं. नुरा कुस्ती हाय ही. आधीच ठरलीय."

नुरा कुस्ती म्हणजे कोण पडणार हे आधी ठरवून केलेली खोटी लढत. जत्रेत यापेक्षा वाईट शिवी नाही. शब्द आखाड्याभोवती असा फिरला की मी गाडीपासून कडेला पोचेपर्यंत हलगी थांबली होती, मल्लू आणि हणमंतू लंगोटावर मधोमध उभे होते आणि पंच मला आत बोलावत होते.

आयुष्यात आखाड्याच्या मातीत मी त्या दिवशी प्रथम उतरलो. चपला काढायला लावल्या. माती तापली होती.

"दोन्हीकडनं लावलंत?" पंचांनी विचारले.

"हो, पण यात लबाडी नाही. दाखवतो." मी खाली बसलो आणि बोटाने मातीत आकडे काढले. इकडे वीस, तिकडे तीस. मग पुसून तिकडे वीस, इकडे तीस. वजाबाकी करून खाली रेघ मारली. अडीच हजार माणसे माझी वजाबाकी बघत होती. दुकानात माझ्या मालकाने कधी बघितली नव्हती.

पंच वाकून बघत राहिले. म्हातारा माणूस, पण समजून घेण्याची तयारी होती. "म्हंजे कुणीबी जिंकू द्या, तुमाला दहा रुपये."

"बरोबर," मी म्हणालो. एकाला तरी समजले याचा मला आनंद झाला होता.

"मग तुमाला कोण जिंकावं वाटतं?"

इथे मी चुकलो. प्रश्न सोपा होता, समोर मेहुणा उभा होता. पण मला सवय अशी की उत्तर देण्याआधी पडताळून बघायचे. मल्लू जिंकला तर दहा. हणमंतू जिंकला तर दहा. मी दोन्ही दहा एकदा ताडून पाहिले आणि मग म्हणालो, "मल्लू."

उशीर झाला होता. मल्लू माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. मी त्याच्या ताटातल्या भाकरी मोजत असल्यासारखा.

"दाजी, जावा आता," तो म्हणाला. "कडेला व्हा."

पंचांनी कुस्ती सोडली. मल्लू एरवी दमाने खेळणारा गडी. समोरच्याला थकवायचे, श्वास मोजायचे आणि मग हात घालायचा, ही त्याची रीत. त्या दिवशी त्याला कुस्ती जिंकायची नव्हती. ती खरी आहे एवढेच अडीच हजार लोकांना आणि एका पिवळ्या फेट्याला दाखवायचे होते. सलामी झाल्याबरोबर तो अंगावर गेला. हणमंतूने दोनदा झटकला. तिसऱ्यांदा मल्लूने त्याला उचलण्यासाठी कंबर धरली, पाय सरकला आणि दोघे खाली आले. मल्लूचा उजवा हात खाली होता. त्यावर मल्लू आणि मल्लूवर हणमंतू.

काडी मोडल्यासारखा आवाज आला. पहिल्या रांगेतल्यांनी तो ऐकला, आणि मी पहिल्या रांगेत होतो. हणमंतूला काही कळले नव्हते. त्याने दाबून धरले, मल्लूची पाठ टेकली, पंचांनी शिट्टी फुंकली. कुणी टोपी उडवली नाही. आता कुणी नुराही म्हणत नव्हते.

जिथे बायका जात नाहीत त्या आखाड्यात शांता अनवाणी धावत आली.

आणि एवढ्यात शिवलिंगप्पा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी कोपरीच्या आतून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि पुढे केल्या. "तीस. घ्या."

"राहू द्या हो."

"का ऱ्हाऊ द्या? उद्या गावभर सांगाल, कुंभारीच्या माणसानं पैज बुडवली. घ्या."

मी घेतले. तोवर दुसऱ्या बाजूने तात्या आले. त्यांचा आवाज बसला होता, पण हात पसरलेला होता. "आमचे वीस." मी तिसातले वीस त्यांना दिले. दहा माझ्या मुठीत राहिले. पद्धत पहिल्याच खेपेला ठरल्याप्रमाणे चालली होती, एका पैशाचा फरक नाही. हे त्या क्षणी माझ्या मनात आले याची मला आजही लाज वाटते, आणि थोडे बरेही वाटते.

शिवलिंगप्पा मग शांताकडे वळले. मातीत बसून तिने मल्लूचे डोके मांडीवर घेतले होते.

"बाई, पोरगं सोनं हाय," ते म्हणाले. "हात मोडून घेतला, पण पडून घेतलं न्हाई. पण लेक काय एकट्या पोराला देता येत न्हाई. घराला द्यावी लागती." त्यांनी माझ्याकडे बघितले. "उद्या माझी लेक आजारी पडली तर हे तिच्या बरं व्हण्यावर वीस लावतील, आन् न व्हण्यावर वीस."

शांता मल्लूच्या केसांतली माती झटकत राहिली. (तशी पैज घेणारा दुसरा माणूस मिळणे कठीण आहे, हे मला सांगता आले असते. पण बारशाची आठवण झाली.)

पिवळा फेटा गर्दीतून निघून गेला. त्या मुलीचे लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झाले. मल्लूचा हात जुळला तो जरा वाकडा जुळला. मागावर परत जायला त्याला पावसाळा उजाडला आणि आखाड्यात तो पुन्हा उतरला नाही. लग्नही झाले, पण उशिरा, आणि बोलणी करायला मला कुणी बरोबर नेले नाही.

तर त्या दिवशी उरले होते ते हाडवैद्याचे काम. आखाड्याच्या मागे एक बुवा बांबूच्या कामट्या, सुतळी आणि तेलाची बाटली घेऊन पोत्यावर बसला होता. त्याने मल्लूचा हात ओढून बसवला. मल्लू ओरडला, शांता रडली, मी दुसरीकडे बघितले. कामट्या बांधून झाल्यावर बुवा म्हणाला, "पंधरा."

"मघाशी त्या पोराचा घोटा बसवलात त्याचे दहा घेतले," मी म्हणालो. मी बघितले होते.

"व्हय. दहाच घेतो."

"मग हे पाच कशाचे?"

"मल्लूवर लावले हुते मी," तो सुतळी गुंडाळत म्हणाला. "गेले. ते कोण देनार?"

शांता माझ्याकडे बघत होती. मी नफ्याचे दहा दिले आणि मुद्दलातले पाच दिले. एकूण रुपये पंधरा, हाडवैद्यास, रोख, पावती नाही. परत येताना बैलगाडीत मी पुन्हा एकदा सगळे तपासून बघितले. माझ्या पद्धतीत कुठेही चूक नव्हती. फक्त कुस्ती कुणीही जिंको, तोटा होऊ न देणारा त्या जत्रेत एकच माणूस होता, तो पोत्यावर बसला होता, आणि त्याचा बुडालेला पैसा भरून देण्यासाठी मी सोलापूरहून बायको-मेहुण्यासकट आलो होतो.