ढावलोचे कापलेले शब्द

...तर मी म्हणत होतो, हिंगोलीचा संतोष डीजेवाला गल्लीत शिरला की आमची भांडी आपोआप फळीवरून उतरतात. परवा तांड्यावर नीलाबाईच्या पुतण्याच्या वरातीत त्यानं नवं गाणं लावलं. धडाड ठोका, अन् मधी एक पोरगी ओढून म्हणते, 'याडी ये'. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. सगळे नाचून राहिले. नीलाबाई मात्र नाच सोडून डीजेच्या गाडीपाशी गेली. तो आवाज तिच्या लेकीचा, मिनाचा होता.

बंजारा नवरी सासरी निघताना माणसांच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. शब्द जिचे तिचे. मिनाच्या लग्नात संतोषनं तो मोबाइलवर घेतला होता. त्याला ते नुसतं गाणं वाटलं. वर्षाच्या आत मिना बाळंतपणात गेली, हे त्याला कुठून माहीत?

कळल्यावर त्यानं डीजे बंद केला अन् हात जोडले. "मावशी, चुकलं. बाकीचे शब्द ठेक्यात बसेनात, म्हणून कापले. हे बी आत्ताच पुसतो."

नीलाबाई म्हणाली, "पुसू नको, बाबा. कापलेलं कुठं ठेवलंस ते सांग. तवा मीच इतकी रडून राहिले होते, का याडीच्या पुढं लेकरू काय म्हणलं ते मला ऐकूच आलं न्हाई."