दादाला विमान चालत नसे

लिफ्ट चालू होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेऊन हळूच विचारतो, "लिफ्ट बंद होती का हो?" नाही. लिफ्ट चालू होती, रिकामी होती आणि तळमजल्यावरच उभी होती. ड्रेस्डेनमधल्या एका जुन्या उंच काँक्रीटच्या इमारतीत माझा भाऊ मुकुंद, म्हणजे दादा, वरच्या मजल्यावरच्या एका आजींच्या खिडकीतून थंडी कुठून शिरते ते तपासायला निघाला होता. वय साठीच्या पुढे, हातात मोजमापाच्या यंत्रांची जड पेटी... आणि हा गृहस्थ जिन्यानं गेला. वरच्या एका वळणावर जरा टेकला, तो टेकलाच. माझ्या जर्मन वहिनींचा फोन आला तेव्हा मी इकडे वोल्फ्सबुर्गला कणीक मळत होते. "सुमा, मुकुंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या, स्वच्छ मराठीत. माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "लिफ्ट नव्हती का?" डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनं होतं, लिफ्टनं गेले असते तरी हेच झालं असतं. डॉक्टरांना म्हणायला काय जातं! मी अजून त्या लिफ्टपाशीच अडून बसले आहे.

दादा शास्त्रज्ञ होता, हे वर्तमानपत्रांत आलंच आहे. त्यात 'ऊर्जाबचत', 'पर्यावरण' असे भारदस्त शब्द होते. साध्या भाषेत सांगायचं तर, माणसं घर तापवतात आणि ती ऊब भिंतींतून, फटींतून, खिडक्यांतून बाहेर निघून जाते, ती जाऊ कशी द्यायची नाही याचा त्यानं जन्मभर पिच्छा पुरवला. सांगलीहून शिकायला आला, ड्रेस्डेनच्या विद्यापीठात चिकटला आणि तिथलाच झाला. नव्या चकचकीत इमारतींत त्याला काडीचा रस नव्हता. "नवं घर कुणीही नीट बांधेल गं," तो म्हणायचा, "लोक राहतात जुन्यात." त्यामुळे सगळं जग ज्या ठोकळेबाज इमारती पाडून टाका म्हणत होतं, त्यांच्या जिन्यांत याचं आयुष्य गेलं. मला अभिमान होता, नाही असं नाही. पण शास्त्रज्ञाचा अभिमान बाळगणं निराळं आणि तो चार दिवस पाहुणा म्हणून घरी येणं निराळं.

तो आला की चपला काढायच्या आधी खोली तापवणाऱ्या हीटरचं बटण बघायचा. मग खिशातून तो मेला उष्णतेचा कॅमेरा काढायचा. त्यात आमची दिवाणखान्याची भिंत निळी-जांभळी दिसायची आणि खिडकीच्या कोपऱ्यात लालभडक डाग. "बघ सुमे, तुझी ऊब चालली रस्त्यावर फिरायला." एकदा माझ्या सासूबाई सोफ्यावर शाल पांघरून बसल्या होत्या, त्यांच्यावरही त्यानं तो कॅमेरा धरला आणि म्हणाला, "या घरात नीट पांघरूण घेतलेल्या एवढ्या एकट्याच आहेत." सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवसापासून त्याच्या पक्षात गेल्या. माझ्या घरात मीच एकटी पडले.

आणि खिडक्या! जर्मनीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे, इथे भर हिवाळ्यातही सगळ्या खिडक्या थोडा वेळ सताड उघडून वारा आरपार जाऊ द्यायची पद्धत आहे. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं मात्र दादाच्या लेखी महापाप. ठीक आहे, पटतं. पण त्याला काळवेळ होती का? एका दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी आमच्याकडे वोल्फ्सबुर्गची सगळी मराठी मंडळी जमली होती. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, चौरंग मांडलेला, विजेचे दिवे घालवून ओळीनं पणत्या लावलेल्या, आरती नुकती सुरू झालेली. दादाच्या मनात आलं की एवढ्या माणसांत हवा कोंदली. झालं. हा पठ्ठ्या टाळ्या वाजवत वाजवत मागे सरकला, आधी बाल्कनीचं दार उघडलं, मग समोरची खिडकी. नोव्हेंबरचा वारा आला तो थेट लक्ष्मीच्या तोंडावर. एकजात सगळे दिवे गेले. अंधारात सासूबाईंचा आवाज, "अहो, काय झालं हे!" आणि त्यावर दादाचा शांत आवाज, "काही नाही, पाच मिनिटं थांबा. मग बघा कसं ताजं वाटतं." आम्ही सगळे कुडकुडत पाच मिनिटं थांबलो. दिवाळीच्या दिवशी, अंधारात, कोट शोधत. मग त्यानंच एकेक पणती पुन्हा लावली आणि आरतीला पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं, बेसूर.

माझा नवरा शिरीष इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. या गावात गाडीशिवाय पान हलत नाही आणि नोकरीही गाड्यांचीच. त्यानं हौसेनं मोठी गाडी घेतली आणि दादाला आणायला स्टेशनवर गेला. दादा घडीची सायकल काखोटीला मारून आगगाडीतून उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर हात फिरवला आणि म्हणाला, "फार सुंदर केलीय हो शिरीषराव. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." भुरभुर पाऊस होता. शिरीष अख्खा रस्ता त्याच्या मागे सायकलच्या वेगानं गाडी चालवत आला, धोक्याचे दिवे लावून. घरी येऊन मला म्हणाला, "तुझ्या भावाशी भांडताही येत नाही. आधी कौतुक करतो, मग ऐकत नाही."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. नेलंही. पण विमानाचं मला कधी नेता आलं नाही.

आमची आई सांगलीला असते. वडील गेल्यापासून एकटी, हट्टानं. दादा आधी दर दोन-तीन वर्षांनी यायचा. मग अंतर वाढत गेलं आणि एके वर्षी त्यानं जाहीर केलं की आता विमान बंद. एका माणसाच्या एका फेरीत किती धूर होतो, त्यात एक घर किती काळ ऊबदार राहील, हे त्याला तोंडपाठ होतं. "अरे, ते विमान तुझ्याशिवायही उडणारच आहे!" मी ओरडायचे. तो म्हणायचा, "प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून तर ते भरून उडतं." आईशी मात्र रोज संध्याकाळी फोन. रोज! चटणीत काय घातलंस इथपासून सगळी चौकशी. वहिनी, म्हणजे उलरिके, त्या फोनवरूनच मराठी शिकल्या. आईनं त्यांचं नाव पहिल्याच दिवशी उल्का करून टाकलं होतं. आई कधी 'ये' म्हणाली नाही. ती म्हणायची, "बरं. तुला योग्य वाटेल ते कर." माझ्या आईच्या तोंडी हे वाक्य म्हणजे काय, ते तिच्या मुलांनाच कळतं. दादाला ते कळत होतं. म्हणून तर मला त्याचा अधिक राग यायचा.

एकदा ड्रेस्डेनला एल्बे नदीच्या काठानं चालताना मी त्याला सरळ गाठलं. म्हटलं, "आईला उद्या काही झालं तर जाशील ना?" तो चालता चालता म्हणाला, "जाईन." "मग ती धडधाकट आहे तोवर का नाही जात? ती बोलायला, भांडायला, वाढायला आहे तोवर?" तो थांबला. म्हणाला, "सुमे, मी लोकांच्या घरात शिरून त्यांना थोडं कमी घ्या म्हणून सांगतो. मलाच सोडवत नसेल तर मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा घालव, हे मला आईनंच शिकवलंय." मी चिडून पुढे चालायला लागले. खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरलेले मला दिसले होते, आणि मला त्याच्यावर दया करायची नव्हती.

अंत्यविधीला ड्रेस्डेनच्या त्या ठोकळ्यांमधल्या आजीबाई रांगेनं आल्या होत्या, लोकरीच्या टोप्या घालून. प्रत्येकीला मला आपल्या स्वयंपाकघराबद्दल सांगायचं होतं. एक म्हणाली, तुमच्या भावामुळे मी जानेवारीत खिडकीशी बसून विणकाम करते. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, यांच्या खिडकीशी बसायला याला वेळ होता. आमच्या आईच्या खिडकीशी कोण बसणार होतं?

त्यानंतर खरा पेच आला. आईचा फोन. रडणं नाही, काही नाही. "आता तरी त्याला घरी आण," एवढंच. आणि दादानं वहिनींना आधीच बजावून ठेवलेलं, मला विमानात घालू नका, इथेच एखाद्या झाडाखाली पुरा. मेल्यावरही माणसानं किती छळावं! जर्मनीत अस्थिकलश घरी नेऊ देत नाहीत. तो फ्रीडहोफमध्ये, म्हणजे इथल्या दफनभूमीतच जातो. बाहेर न्यायचा तर परदेशातल्या विधीचे कागद दाखवावे लागतात. दफनभूमीवाले विचारत होते, काय ठरलं? आईचा जीव एका बाजूला, दादाचा शब्द दुसऱ्या बाजूला आणि निर्णय वहिनींचा. मी ड्रेस्डेनला गेले ते आईची वकिली करायला. आगगाडीत मुद्दे घोळवत होते.

स्वयंपाकघरात वहिनी बटाटे सोलत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सुमा, मी तिकिटं बघितली. मी त्याला आईंकडे नेते."

आणि माझं काय झालं कुणास ठाऊक. "अहो वहिनी," मी म्हटलं, "पण दादाला विमान चालत नसे! त्यानं तुम्हाला सांगून ठेवलंय ना?" ज्या माणसाशी मी इतकी वर्षं भांडले, त्याची बाजू घेऊन मीच तावातावानं बोलत होते. एका माणसाचा धूर, एक ऊबदार घर, सगळं. वहिनींनी सुरी खाली ठेवली. "त्यानं सांगितलं. मी त्याला 'हो' नाही म्हटलं. बरं, बघू, एवढंच म्हटलं." मग म्हणाल्या, "मीही त्याला सांगत होते, मुकुंद, लिफ्टनं जा. दर आठवड्याला. त्यानं ऐकलं? नाही ऐकलं. आता मी पण ऐकणार नाही." असं म्हणून त्या रडल्या. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मीही रडले. बटाटे तसेच राहिले.

मग आम्ही आईला फोन लावला. चित्रात आधी छत, मग तिचं कपाळ, मग ती. वहिनींनी सांगितलं की आम्ही त्याला घेऊन येतो. नदीत सोडायचं तर त्याला पाण्याची काळजी, हा नवा घोळ माझ्या डोक्यात सुरू झालाच होता, पण आईनं तोही मिटवलेला होता. "नदीत नको. तो मला बोलेल. अंगणात फणसाखाली खड्डा काढून ठेवते." आणि मग अचानक तिचा आवाज चढला, "मी खोलीतून बाहेर येताना दिवा घालव म्हटलं होतं गं. घरी येऊ नको असं कुठे म्हटलं होतं?"

जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "उल्का, किती दिवसांसाठी येताय?"

"आम्ही दोन आठवडे, आई."

"आणि तो?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "तो राहणार."

मागे कुठे तरी तिच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. "मग वरची खोली झाडून ठेवते," ती म्हणाली. "आणि त्याला आत्ताच सांगून ठेवा, उन्हाळा आहे, पंखा मी लावणार."