सुरतेमागचे डोंगर

पडद्यावर सुरत आली आणि तिच्यामागे डोंगर दिसले, तिथेच माझं डोकं फिरलं. पंचवीस वर्षं मी या शहरात राहतोय. गच्चीवर चढून चारी दिशांना मान वळवली तरी डोंगर सोडाच, साधी टेकडीही दिसत नाही. दिसतात त्या पांडेसऱ्यातल्या गिरण्यांच्या चिमण्या. एवढी माणसं राबवून सिनेमा काढतात, त्यातल्या एकालाही सुरतेला येऊन बघावंसं वाटलं नसेल?

हल्ली दर दोन-चार महिन्यांनी असा एक ऐतिहासिक सिनेमा येतो. तो आला की आमचं मंडळ सकाळचा अख्खा खेळ राखून ठेवतं. आमचं म्हणजे खानदेशातून कापडाच्या कामासाठी इथे आलेल्यांचं. मंडळाचा नियम असा की महाराज पडद्यावर येणार, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. भावना मला मान्य आहे, हात माझेही जोडले जातात. पण कुणीतरी सांडलेल्या पॉपकॉर्नवर अनवाणी पाय ठेवून तीन तास बसायचं, आणि मग दोनशे जोडांच्या ढिगात आपला जोड शोधत फिरायचं, हे कुठल्या बखरीत लिहिलंय?

तरी मी गेलो, ते मुलीसाठी. ती नववीत आहे, गुजराती माध्यमात. घरात आम्ही नवरा-बायको अहिराणी बोलतो. तिला अक्षर न् अक्षर समजतं, पण उत्तर येतं ते गुजरातीत. गावाहून माझी आई फोन करते, नातीशी चार शब्द बोलायला जाते, आणि इकडून ऐकते काय, तर "हा बा, मजामां छुं." मागच्या दिवाळीला आई मला म्हणाली, "तुनी पोर ते गुजरातीन व्हई गई." हसतच म्हणाली, पण मला ते फार लागलं. आईने ऐंशी ओलांडलीय. तिच्या डोळ्यांदेखत पोरीने तिच्या बोलीत एक तरी वाक्य बोलावं, एवढंच मला हवंय. सिनेमा बघून पोरीला आपल्या माणसांबद्दल काही वाटेल, जीभ सैल होईल, अशी माझी भाबडी कल्पना होती.

पण सिनेमात मावळेच हिंदीत ओरडत होते! 'आई' हा शब्द आणि घोषणा सोडल्या, तर मराठीचा पत्ता नाही. प्रत्येक जण छाती फुगवून बोलणार, बोलून झालं की धूळ उडणार, धूळ बसेपर्यंत गाणं सुरू होणार. एक मावळा पडला, तो मरता मरेना. बायको पदराने डोळे पुसत होती आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, सोड आता प्राण, पुढची लढाई खोळंबलीय.

आणि कापड! मी रंगाईच्या गिरणीत काम करतो, त्यामुळे मला आधी कापडच दिसतं, हा माझा दोष म्हणा हवं तर. राणीसाहेबांच्या अंगावरचा तो झगझगीत गुलाबी आमच्या जेट मशिनीतून निघतो. मागच्याच आठवड्यात त्याची शेड जुळवताना माझी बोटं रंगली होती. तो रंग त्या काळात कुठून आला, हे विचारायचं नाही. विचारलं की आपण इतिहासाचे वैरी.

शेवटी एकदाचा सुरतेचा प्रसंग आला. मशाली पेटल्या, घोडे पेठेत शिरले, कापडाच्या वखारीने पेट घेतला आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, घोषणा. मीही उभा राहून टाळ्या पिटत होतो, खोटं कशाला बोलू. शेजारी पाहिलं तर मुलगी बसलेली. "ऊठ ना," मी म्हणालो. तिने मान हलवली. माझा संताप झाला.

तेवढ्यात वाद्यं थांबली, शिट्ट्याही विरल्या. पडद्यावर एक जळता तागा अगदी जवळून दाखवला, आणि तो आकसून थेंबाथेंबाने गळायला लागला. आम्ही धागा ओळखायला काडी लावून बघतो. सूत असलं तर त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर आकसतं आणि गळतं.

"अरे, पॉलिस्टर जाळलंय यांनी!" भर शांततेत मी ओरडलो.

पुढचा फेटेवाला वळून बघायला लागला. बायकोने कोपरापाशी चिमटा काढला आणि म्हणाली, "उगामुगा बठा ना!" मुलगी त्या जळत्या ताग्याकडे बघत होती.

खेळ सुटल्यावर चपलांच्या ढिगापाशी मी तिच्यावर भडकलो. "सगळे उभे राहिले, तुला काय झालं होतं? आपली माणसं होती ती!"

तिने गुजरातीत विचारलं, त्या वखारीत कापड रंगवणारी माणसं कुठे गेली? सिनेमात ती दाखवलीच नाहीत.

मी आपलं इतिहासाचं पुस्तक उघडलं. ती लढाई बादशहाशी होती, ही पेठ त्याची तिजोरी होती, स्वराज्य उभं करायचं होतं. बोलता बोलता माझीही छाती फुगत चालली होती. माझं संपल्यावर तिने माझ्या हाताकडे पाहिलं. घासूनही न निघालेला गुलाबी अजून नखांच्या कडेला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "पन हाई आपलंच गाव शे ना?"

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं अख्खं अहिराणी वाक्य. हेल तर थेट माझ्या आईचा. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते असं आलं, सुरतेची बाजू घेऊन. बायको ढिगातून चप्पल उचलता उचलता तशीच थांबली. माझे तळवे टाळ्यांनी अजून हुळहुळत होते.

"शे," मी म्हणालो. "आपलंच शे."