शिट्टी, काठी आणि रंभी

सिद्धाप्पाला मी लहानपणापासून ओळखते. सांगोल्याकडच्या आमच्या गावात त्याचं घर आमच्या घराला लागून. मी शिकले, सोलापुरात नोकरी केली, आता तिथंच जुळे सोलापूर भागात राहते. तो शेळ्यांमागे राहिला. पण अधिकाराची हौस त्यालाच जास्त.

दोन वर्षांपूर्वी गावानं ठरवलं की दर पावसाळ्यात दिवाळीपर्यंत गायरान बंद. गवताचं बी जमिनीवर पडू द्यायचं, म्हणजे उन्हाळ्यात जनावरांना काही तरी उरेल. राखणीला कोणी तयार होईना. सिद्धाप्पा झाला. गावानं काठी दिली, शिट्टी त्यानं स्वतः आणली. नियमही त्याचाच: आत सापडलेलं जनावर फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाला बांधायचं, आणि मालकानं चारचौघांत "चुकलो" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. पहिली सापडली सरपंच शहाजीची गाय. शहाजी "चुकलो" म्हणाला, पण दात खाऊन.

मग एका सकाळी त्याच गवतात रंभी सापडली. रंभी सिद्धाप्पाचीच शेळी.

मी तेव्हा गावातच होते. शहाजी म्हणाला, "हिला सोडलीस, तर दुपारच्याला समद्यांची मेंढरं आत घालतो बघ."

त्याचं खरं होतं. सिद्धाप्पानं रंभीला लिंबाला बांधलं, काठी आपटली आणि दरडावून विचारलं, "शेळी कुणाची?" मग लिंबाच्या पलीकडे जाऊन टोपी काढली. "माजी. चुकलो."

लोक हसून हसून लोळले. मी म्हटलं, "अरे, दोन्हीकडून तूच? आता शिट्टी वाजवून स्वतःला पकड की!"

"आक्का, नियम म्हंजे नियम."

पण त्याची बायको मायाक्का हसत नव्हती. "ती आत गेलीच कशी? कुपाट तर धड हाय, कुटं भगदाड न्हाई." तिनं रंभीला सोडलं. रंभी तडक सिद्धाप्पाकडे गेली आणि त्याच्या खिशात तोंड खुपसलं. मायाक्कानं खिसा उलटा केला. शेंगा!

"व्हय वं? राखणीला जाताना शेंगा खात जाता, अन् टरफलं वाटंला टाकता? राखण्याच्या मागनं शेळी फाटकातनं आत गेली, अन् राखण्याला पत्ता न्हाई!"

सिद्धाप्पा उलटा खिसा आत सारायला लागला. शहाजीनं काठी घेतली आणि सरळ मायाक्काच्या हातात दिली. शिट्टी मात्र सिद्धाप्पा सोडेना. ती मायाक्कानंच ओढून घेतली.

तेव्हापासून सिद्धाप्पा कुंपणाबाहेर रंभी चारतो आणि आत बघत सूचना देतो. मायाक्का ऐकत नाही. गवत मात्र गुडघ्याएवढं झालंय.

परवा मला एसटी गाठायची होती. गायरानातून वाट जवळची, म्हणून फाटक उघडलं. शिट्टी वाजली.

"वन्सं, तुमी बी भाईरनं!"

"मायाक्का, मी काय गवत खाते?"

"रंभीबी तसंच म्हनली असती."

मी चरफडत वळले. बाहेर सिद्धाप्पा उभा. इतका खूश मी त्याला वर्षात पाहिला नव्हता. "आक्का, चुकले म्हना," म्हणाला आणि मूठभर शेंगा पुढे केल्या.

मी घेतल्या नाहीत. रंभी शेंगांकडे बघत होती, आणि मला एकटीलाच एसटीत बसायचं होतं.