छपरात अडकलेला माणूस

मी धुळ्याच्या बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करतो. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, जामनेर ही गावं दिवसभरात माझ्या तोंडून इतक्या वेळा जातात की घरी चहासुद्धा मी त्याच ठेक्यात मागतो, असं बायकोचं म्हणणं आहे. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ आणि ऐन वेळी खोकला येत नाही, एवढ्या तीन गुणांवर आमच्या चर्चमधला रविवारचा शास्त्रपाठ गेली सतरा वर्षं माझ्याकडे आहे.

शास्त्रपाठ म्हणजे पाळकसाहेबांच्या संदेशाआधी पवित्र शास्त्रातला ठरलेला भाग मंडळीला वाचून दाखवायचा. वंशावळी माझ्या खास आवडीच्या. इतरांची जीभ जिथे अडखळते तिथे मी पंचवीस-तीस अवघड नावं एका दमात घेऊन जायचो, जशी काही लांब पल्ल्याची गाडी. एकदा मरुभूमीतल्या प्रवासाचा भाग वाचून झाला आणि माझ्या तोंडून 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' निघून गेलं. मंडळीने 'आमेन' म्हटलं. कोणाला काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी जन्माने ख्रिस्ती. आजोबांपासून आमच्या घरात प्रार्थना आहे. विश्वास हा मला घरातल्या जुन्या लोखंडी कपाटासारखा वाटायचा. आहे, मजबूत आहे, हलवायची गरज पडत नाही. आत काय आहे हे बघायचीही पडत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका रविवारी वाचायला पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट होती. प्रभू एका घरात शिकवत असतात, दारापर्यंत गर्दी असते, म्हणून चौघं जण त्या माणसाला छपरावर नेतात, छप्पर उकरतात आणि खाटेसकट त्याला खाली सोडतात. आदल्या दिवशी मी जेवता जेवता उच्चारांची तालीम केली होती आणि शेवभाजीच्या रश्श्याचा एक थेंब पानावर पडला होता. तो वाळून दोन पानं एकमेकांना चिकटली. रविवारी मी वाचत वाचत खाट छपरातून खाली सोडली, पान उलटलं आणि तोच आवाज, तोच दम ठेवून पुढे वाचलं. त्या पानावर शिष्य शेतातून कणसं मोडत चालले होते. मीही त्यांच्याबरोबर चाललो.

संदेश झाला, गीत झालं, आशीर्वाद झाला. बाहेर मांडवाखाली चहा सुरू झाला. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी माझी बाही धरली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून त्या नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांना वाचता येत नव्हतं.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "मंग त्या मानूसनं काय व्हयनं?"

"कोणत्या माणसाचं, अक्का?"

"तो खाटवर टांगेल व्हता तो. छपरमा."

मी म्हटलं, "उतरला असेल."

"असेल?" अक्कांनी विचारलं.

मी शास्त्र उघडलं. पानं नखाने सोडवली. खाली तेलाचा पिवळा डाग होता आणि डागाच्या आत त्या माणसाचं सगळं पुढचं आयुष्य. शंभरेक माणसांच्या मंडळीत तो बिचारा तासभर छपराला लोंबकळत राहिला आणि ते एकट्या अक्कांना कळलं. पाळकसाहेबांनी तर त्याच गोष्टीवर संदेश दिला होता. नंतर त्यांनी मला खासगीत सांगितलं की माझ्या वाचनाच्या वेळी ते मनात मुद्दे जुळवत असतात.

तिथेच चपलांच्या ढिगाशेजारी बसून मी अक्कांना उरलेलं वाचून दाखवलं. त्याला क्षमा मिळाली, तो उठला, खाट उचलून सगळ्यांसमोर चालत गेला, हे ऐकल्यावर अक्कांनी थंड झालेला चहा प्यायला. मग म्हणाल्या, "गुरुवारले घर ये. तू वाच, मी ऐकसू." गुरुवारी माझी सुट्टी असते हे त्यांना कोणी सांगितलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या वर्षी माझा एक बेत चालू होता. फोनमध्ये एक योजना उतरवून घेतली होती. रोज चार अध्याय वाचायचे, बरोबरची खूण करायची, वर्षात अख्खं शास्त्र संपवायचं. मी चौसष्ट दिवस पुढे होतो आणि भेटेल त्याला हे सांगत होतो. अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "इतली कसानी घाई शे?" मी फोन खिशात घातला.

अक्कांकडे एका गुरुवारी एकच प्रसंग. त्यातही त्यांना आधी प्रत्येक माणूस कुठे उभा आहे ते कळायला हवं. दार कोणत्या बाजूला? खाट केवढी? जिना बाहेरून होता का? मी म्हणायचो, "अक्का, असं दिलेलं नाही." त्या म्हणायच्या, "मंग डोया मिटीसन देख." मी डोळे मिटायचो. मला फलाट दिसायचे.

पक्षाघाताच्या माणसापाशीच आमचे तीन गुरुवार गेले. अक्कांचं बालपण धाब्याच्या घरात गेलेलं. लाकडी सरे, त्यावर काड्या, त्यावर मातीचा जाड थर. धाबं उकरता येतं हे त्यांना मान्य होतं. पण चौघं जण दोराने खाट सरळ खाली सोडू शकतात हे त्यांना पटेना. "एक कोपरा खाले जाईच," त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये काम करतो. तो जेवायला आला होता. तो म्हणाला, "आई, जाईल की सरळ." यावर दोघांचं जुंपलं, आणि तिसऱ्या गुरुवारी प्रयोग करून बघायचं ठरलं.

त्यांच्या घराचा जिना अजून बांधायचा आहे. स्लॅबमध्ये जिन्यासाठी चौकोनी जागा सोडलेली आहे आणि सध्या शिडी लावून वर जातात. खाट त्या चौकोनातून अगदी बेताची जायची. शेजारी मांडवाचं काम करणारे दोघे भाऊ राहतात. दोर त्यांचे, गाठी त्यांच्या. ते हिंदू आहेत, पण काम समजल्यावर त्यांनी धर्माचा प्रश्न काढला नाही, फक्त माणसाचं वजन विचारलं. तीन कोपऱ्यांना तिघं झाले. चौथा मिळेना. इतक्यात पाळकसाहेब सहज भेटीला आले. पांढरा शुभ्र शर्ट, हातात डायरी. पाच मिनिटांत ते स्लॅबवर होते आणि त्यांच्या हातात चौथा दोर होता.

खाटेवर अक्का स्वतः झोपणार होत्या. ते आम्ही सगळ्यांनी मिळून हाणून पाडलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं वजन ब्याण्णव किलो आहे.

"तूच त्याले टांगेल ठेयेल व्हता," अक्का म्हणाल्या. वाद संपला.

खाली गाद्या घातल्या. अक्का चौकोनाच्या एका कडेखाली पाट घेऊन बसल्या. प्रभू जिथे बसले असतील तिथून काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. गादी त्यांच्या पाटाच्या पुढे होती, त्यामुळे धोका नव्हता. त्या खोलीच्या एका कडेला चादरीवर वर्षाच्या मिरच्या पसरलेल्या होत्या. त्या अक्कांच्या सुनेच्या. सून जळगावची, शाळेत शिकवते. तिने दारातून एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मिरच्या उचलू का आधी?" तिचा नवरा वरून म्हणाला, "काही होत नाही." ती आत निघून गेली.

मला सोडायला लागले. पहिले दोन-तीन फूट खाट अगदी सरळ गेली. मी उताणा पडून वर बघत होतो. चौकोनात उन्हाने पांढरं झालेलं आभाळ आणि चार कोपऱ्यांना चार चेहरे. घामाने निथळणारे, लाल झालेले. मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघत असतील. पण चौघांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हता. प्रत्येक जण बाकीच्या तिघांच्या हातांकडे बघत होता. मला करायला काहीच नव्हतं. मी साधा 'सावकाश' म्हणायला तोंड उघडलं तर मांडववाला म्हणाला, "तुम्ही बोलू नका, वजन हलतं."

खाट अर्ध्याच्या खाली आली आणि पाळकसाहेबांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी फोन घेतला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतो. त्यांनी फक्त खिशाकडे बघितलं. पण तेवढ्यात माझ्या डाव्या पायाकडचा कोपरा दीड हात खाली गेला, खाट तिरकी झाली आणि मी तिच्यावरून घरंगळत गादीवर, गादीवरून मिरच्यांत गेलो. चारेक फुटांवरून पडलो असेन. मिरच्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. ब्याण्णव किलोखाली त्यांचं तिखट झालं.

पहिली शिंक माझी. मग अक्का, मग सून, मग वरचे चौघं. मांडववाल्यांचा कुत्रासुद्धा दारात येऊन शिंकून गेला. पाळकसाहेब शिडीवरून उतरता उतरता क्षमा मागत होते आणि प्रत्येक क्षमेच्या मध्ये शिंकत होते.

या सगळ्यात अक्का पाटावरून हलल्या नव्हत्या. वरून दोर घासताना स्लॅबच्या कडेचा चुरा पडला होता. वाळू, सिमेंटच्या खपल्या. त्यांच्या पांढऱ्या केसांत, पदरावर सगळीकडे. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, हाताकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "प्रभूना डोकावर बी पडनी व्हई माटी."

शिंका चालूच होत्या.

मी मिरच्यांत पडून होतो आणि मला ते दिसलं. अक्का म्हणायच्या ना, डोळे मिटून बघ, तसं. डोळे मिटलेलेच होते, उघडत नव्हते. प्रभू बोलता बोलता थांबतात. केसांत माती पडते, खांद्यावर काड्या पडतात. ते वर बघतात. रागावत नाहीत, झटकतही नाहीत, आधी वर बघतात. पन्नास वर्षांत मी त्यांना नमस्कार केला, त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या नावाने सण केले. त्यांच्या केसांत माती मी कधी बघितली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरची होतीच, पण सगळं पाणी मिरचीचं नव्हतं.

कंबर मात्र गेली. डॉक्टरांनी आठ दिवस फळीवर झोपायला सांगितलं. मंडळीतले वडीलधारे भेटायला आले, म्हणाले, "कसं झालं हे?" मी म्हटलं, "शास्त्राभ्यासात." त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

त्या आठ दिवसांत फोनवरची योजना मी काढून टाकली आणि तेलाच्या डागाचं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. माईकवर मी ते आजवर दहा-बारा वेळा तरी वाचलं असेल. चौथ्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि मी उठून बसायला गेलो, ते जमलं नाही. तिथे म्हटलंय की प्रभूंनी विश्वास बघितला तो त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे अक्षर नाही. मी आयुष्यभर समजत होतो की विश्वास म्हणजे ज्याचं त्याचं तिकीट. आणि इथे एक माणूस दुसऱ्यांच्या विश्वासावर खाली उतरत होता, गप्प पडून.

मी अक्कांना फोन लावला. धडधडत्या छातीने शोध सांगितला.

"मंग?" अक्का म्हणाल्या. "तो काय करी? तो तं खाटवर पडेल व्हता."

नंतरच्या रविवारी मी वाचायला उभा राहिलो तेव्हा कंबरेला पट्टा बांधलेला होता आणि आवाज जरा बसलेला. सावकाश वाचलं. एके ठिकाणी थांबलो, कारण तिथे एक आंधळा रस्त्याच्या कडेला बसलेला होता आणि तो कोणत्या कडेला असेल याचा मी विचार करत होतो. मंडळीला वाटलं माईक गेला. आता माझं वाचन लांबतं अशी तक्रार वडीलमंडळापर्यंत गेलेली आहे आणि मला घड्याळ दाखवायला एका काकांची नेमणूक झालेली आहे. दोन वेळा ते काकाच घड्याळ खाली ठेवून ऐकत बसले. प्रार्थनाही बदलली. पूर्वी मी पाठ केलेली म्हणायचो. आता मध्येच विचारतो, कधी भांडतो, कधी स्टँडवर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात नुसता गप्प बसतो आणि प्रभू जवळ आहेत असं वाटतं. कधी वाटत नाही. तेही त्यांनाच सांगतो.

सुनेला मी नंदुरबारहून मिरच्या आणून दिल्या. तिने घेतल्या, पण दोन वर्षं गुरुवारी ती आमच्यात बसली नाही. स्वयंपाकघरात वह्या तपासायची. आमच्यात मात्र माणसं वाढली. पाळकसाहेब येतात, फोन बाहेर बुटांत ठेवून. मांडववाल्यांपैकी धाकटा येतो, त्याला गाठी-दोऱ्यांचे प्रसंग आवडतात.

गेल्या गुरुवारी वादळाचा प्रसंग होता. होडीत पाणी शिरतंय, शिष्य घाबरलेत आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर झोपलेत. अक्कांनी विचारलं, उशी कोणी आणली? पाळकसाहेब म्हणाले, होडीतलीच असेल. धाकटा म्हणाला, होडीत कोणी उशी ठेवत नाही, घरून दिली असेल कोणीतरी. मी म्हटलं, दोराची गुंडाळी असेल, तिलाच उशी म्हटलं असेल. अर्धा तास गेला. आवाज चढले. पाळकसाहेबांनी तर घरी ग्रंथ आहे, बघून सांगतो म्हटलं.

तेव्हा स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. हातात लाल पेन. म्हणाली, "दिवसभर माणसांत उभं राहून दमला असेल तो. झोपू द्या ना त्याला जरा."

अक्कांनी सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. पुढचा भाग मी वाचला, पण अगदी हळू आवाजात.