वसंताचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही नीट सांगता येणार नाही.

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात वसंता आणि मी शाळेत असल्यापासून भजनाला एकत्र बसायचो. त्याचा आवाज — कसा सांगू? सुपारीच्या वाडीत झाडांना पाणी लावताना तो गायला लागला की रस्त्यानं जाणारी माणसं पावलं हळू करायची. मला सगळ्या चाली त्यानंच शिकवल्या. विहिरीच्या काठावर बसून, एकच ओळ पुन्हा पुन्हा, कधीही न चिडता. माझा सूर पक्का होता, पण आवाज लहान. मला ते ठाऊक होतं. तो मात्र म्हणायचा, "तू बाजूला हायस म्हणून मी गातो."

पुढे आम्ही संसारी झालो, आणि एका वर्षी म्हसळ्याला डबलबारी ठरली. दोन मंडळं समोरासमोर बसतात आणि प्रत्येक मंडळाचा एकच बुवा पेटीवर बसून गातो. आमचे जुने बुवा थकले होते. नवा कोण? सगळे वसंताचं नाव घेत होते. मीही घेत होतो — तोंडानं.

गणपतीत आम्हा दोघांचं भजन रेकॉर्ड केलेलं होतं. ते ऐकून ठरवू, असं मीच सुचवलं. कॉम्प्युटर गावात तेव्हा माझ्याकडेच होता. दुपारी मंडळी घरी जमली. पखवाजवाले नाना खुर्चीत, बाकीचे खाली सतरंजीवर, चहा फिरत होता. माऊस माझ्या हातात. स्क्रीन फक्त मला दिसत होता.

वसंताचा आलाप सुरू झाला आणि मी आवाज खाली घेतला. एकदम नाही — केसभर. मग आणखी केसभर. माझी ओळ आली की तसाच हळूच वर. टाळ-पखवाजही बारीक होत होते, पण त्यांच्याकडे लक्ष कुणाचं? सगळ्यांचे कान वसंताच्या गळ्याकडे. मला थांबता आलं असतं. प्रत्येक ओळीला थांबता आलं असतं. माझा हात इतका स्थिर कसा राहिला?

"काय रं वसंता, त्या दिवशी जेवला नव्हतास काय?" नाना म्हणाले. सगळे हसले. वसंताही हसला. मग त्यानं परत लावायला सांगितलं.

मी परत लावलं. परत तेच केलं.

"आवाज बसला माझा," तो म्हणाला. "गाताना आपलं आपल्याला कळत न्हाय. पेटीवर तूच बस."

म्हसळ्याची बारी बेताचीच झाली. कुणी मला बोल लावला नाही. वसंतानं तर पाठ थोपटली. नंतर तो अलिबागला डॉक्टरकडे जाऊन आला. गळ्यात काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. बिचारे मन राखायला बोलले, असं त्यानं मला सांगितलं — मला. बरेच महिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मग मंडळात टाळ धरून मागे बसायला लागला. हळूहळू वाडीतलं गाणंही बंद झालं.

बुवा मी अजून आहे.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी सासरहून आली होती. त्याला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबा गायचे ते तुमच्याकडे कुठे असेल ना? मला हवंय."

कॉम्प्युटर बिघडला तेव्हा सगळंच गेलं, असं मी सांगितलं. ती हिरमुसली.

"गेलं तर गेलं," वसंता म्हणाला. "तसला आवाज पोरीला कशाला ऐकवायचा?"

ती फाइल माझ्याकडे आहे. आवाजाला हात न लावता ऐकली, तर त्याच्यापुढे मी कुठे गातोय ते शोधावं लागतं.