पहिला घोट

पलीकडच्या वस्तीतली सेल्वी आमच्या फाटकाशी उभी होती. कमरेवर रिकामा कुडम, म्हणजे इथली प्लॅस्टिकची कळशी. "काय झालं गं?" असं मी दोनदा विचारलं, तेव्हा तिने नुसता शेजारच्या अंगणाकडे हात केला. अंबुजाअक्का रोजच्यासारख्या विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पाठ आंब्याला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, मांडीवर पितळी पेला... रिकामा. गल्लीतल्या बायका कळशा छातीशी धरून एकेक पाऊल मागे सरत होत्या. कुणी रडत नव्हतं. सगळ्या पेल्याकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, वय झालं होतं. कोइमतूरहून भाचा आला, त्याने त्याच दिवशी विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. पाणी स्वच्छ निघालं. पण तो अहवाल त्या दिवशीच्या पाण्याचा. उद्याच्या पाण्याचं कोण सांगणार?

आम्ही तांबरमला राहायला आलो तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि कुणाशी तरी मराठी बोलायला जीव आसुसला होता. शेजारी मराठी बाई राहतात असं कळल्यावर मी धावतच गेले. अक्का तंजावरच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि त्यांचं मराठी ऐकून मला आधी काही उमगेचना. त्यांना माझी गंमत वाटली. "तुझं मराठी पेपर वाचल्यासारखं आहे गे," म्हणाल्या, आणि मला बसवूनच सारू-भात वाढला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मूलबाळ नाही. सोवळं मात्र कडक. इकडे पाण्याच्या भांड्याला ओठ लावत नाहीत, भांडं उंच धरून घशात धार सोडतात. मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा सगळं पाणी ब्लाउजमध्ये गेलं. अक्का हसून हसून बेजार झाल्या, पण पेल्याला ओठ लावायची परवानगी काही दिली नाही. उष्टा पेला त्या राखेने आणि चिंचेने असा घासत, की त्याने काही गुन्हाच केला असावा.

एवढ्या सोवळ्याच्या बाईचं फाटक मात्र गल्लीला सताड उघडं असे. नळ आटले, तलावात ढोरं चरायला लागली, तरी त्यांच्या विहिरीचा झरा आटत नसे. पलीकडच्या पत्र्याच्या घरांतल्या बायका पहाटेपासून येत. कळशीमागे एक पैसा नाही की कुणाला नाही म्हणणं नाही. आमच्या भागात पाण्याच्या लॉऱ्या चालतात. त्यातल्या बहुतेक एकाच माणसाच्या. त्याच्या बंगल्यात कारंजं आहे, ते भर उन्हाळ्यातही उडतं. एक दिवस तो स्वतः आला, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेला, हात जोडलेले, अगदी नम्र. कॉफी घेतली, अक्कांच्या कॉफीची तारीफ केली. मी तिथेच होते. म्हणाला, "अम्मा, विहीर मला द्या. मी पंप बसवतो, तुम्ही आरामात बसून खा."

अक्का म्हणाल्या, "तुमच्याकडे एवढं पाणी आहे. अजून किती आलं म्हणजे पुरेल?"

तो हसला. चपला घालताना विहिरीत डोकावून म्हणाला, "उघडी विहीर बरी नव्हे, अम्मा. लोक काय काय टाकतात. जपा."

इतकंच. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. तरी तो गेल्यावर मी जाऊन विहिरीत वाकून पाहिलं. त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी अधूनमधून एक पांढरी गाडी उभी राहू लागली.

मग काही दिवसांनी सकाळी विहिरीतले मासे पोट वर करून तरंगताना दिसले. डासांसाठी सोडलेले बारके मासे, अक्का त्यांना मुरमुरे टाकत. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, मोटर लावून विहीर उपसली, पाणी तपासून घेतलं. काही निघालं नाही. उन्हानेही मेले असतील... पण भीती उपसून निघत नाही. बायका पलीकडून बघत आणि लॉरीच्या रांगेत जाऊन उभ्या राहत. लॉरीवाल्याने भाव वाढवला. सेल्वी घरोघरी धुणीभांडी करते, तिची निम्मी कमाई पाण्यात जायला लागली.

तेव्हा अक्कांनी ते सुरू केलं. सकाळी बायकांना बोलवायचं, सगळ्यांसमोर पोहरा सोडायचा, पितळी पेला भरायचा आणि प्यायचा. धार सोडून नव्हे. पेल्याला ओठ लावून, घोट घोट, चवीने. मी बघतच राहिले. "अक्का, तुम्ही? आणि उष्टं?"

"धार घशांत गेली तर चव कोणाला कळणार गे?" म्हणाल्या. "जिभेवर ठेवूनु पाहायला पाहिजे."

पिऊन झालं की कट्ट्यावर बसत. बायका त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या. बऱ्याच वेळाने अक्का मान हलवत, आणि मग कळशांचा एकच खडखडाट होई. तो आवाज येईपर्यंत मी स्वयंपाकघरात हात थांबवून उभी असे. मी मुळात भित्री. घरात दोनदा कडी तपासते आणि तिसऱ्यांदा ह्यांना तपासायला लावते. मी अक्कांना विनवलं, विहिरीला जाळी बसवा, कुलूप घाला. त्या म्हणाल्या, "कुलूप घातलं तर पहाटे येणारीने कोणाला उठवायचं? आणि एकदां किल्ली हातांत आली, की मीही त्याच्यासारखी होईन, काय सांगावं." सेल्वीने एकदा पेल्यासाठी हात पुढे केला, तर तिच्या हातावर चापट बसली. "तुला दोन लेकरं आहेत. मागे हो."

तुम्हाला भीती नाही वाटत का, असं मी एकदाच विचारलं. अक्कांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आतलं धडधडणं माझ्या तळव्याला लागत होतं. "रोज," म्हणाल्या.

त्यांच्या अंत्ययात्रेला त्या माणसाकडून गुलाबांचा भला मोठा हार आला. मागोमाग तोही आला, हात जोडून. मला म्हणाला, "आता तुम्ही बघणार का सगळं?" मी मान खाली घातली. भाचा जाताना घराच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन गेला. "घर मी विकणार नाही, काकू. पण विहीर उघडी ठेवायची की झाकायची, ते तुम्ही ठरवा. इथे तुम्ही राहता." आमचे हे म्हणाले, झाकून टाक, नसतं लचांड कशाला. मुलीचा पुण्याहून रोज फोन, आई, तू यात पडू नकोस. दोघांचंही बरोबर होतं. तेरावा झाला तरी फाटक बंदच होतं आणि बायका पुन्हा लॉरीच्या रांगेत.

पेला मी चिंचेने घासून कट्ट्यावर पालथा घातला होता. माझ्या खिडकीतून तो दिसतो. पोळ्या लाटताना दिसतो, कपडे वाळत घालताना दिसतो. गेल्या आठवड्यात सकाळी सेल्वी रांगेतून रिकाम्या हाताने परतली. त्या दिवशी लॉरी आलीच नव्हती. तिने फाटकाबाहेरून पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी अक्कांचं फाटक उघडलं. पोहरा सोडताना दोर हातातून निसटत होता. पेला भरला, त्यात पाण्यावर माझाच चेहरा हलत होता. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती, तिकडे मी बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. मग पेल्याला ओठ लावले. पाणी गार होतं, किंचित लोखंडी चवीचं... की ती चव माझ्याच तोंडाची होती, कळेना. अर्धा पेला कसाबसा गेला आणि मी अक्कांच्या जागी बसले.

सेल्वीने कळशी खाली ठेवली. माझ्या हातातून पेला काढून घेतला आणि उरलेलं पाणी, पेल्याला ओठ लावून, पिऊन टाकलं. तिला अडवायला मी हात पुढे केला, तोवर पेला रिकामा झाला होता. ती माझ्याशेजारी बसली. पेला आमच्या दोघींच्या मध्ये होता. रांगेतून परतलेल्या बाकीच्या बायका आमच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, आणि आम्ही वाट बघत होतो.